मुलुंडची गावपळण

मालन परबला जन्मभर दोनच प्रश्न पडत आले. टाकून दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं? आणि सगळे निघून गेल्यावर मागे काय चालतं?

पहिला प्रश्न तिला नोकरीत पडला. लग्न होऊन विक्रोळीच्या चाळीत आली, तेव्हा तिचे यजमान तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते आणि तिला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तिने मुकादमबाईला विचारलं, "तुटलेली बिस्किटं जातात कुठे हो?"

"तुला काय करायचंय? अख्खी भर तू."

मालनने अख्खी भरली, पण जेवणाच्या सुट्टीत मागच्या फाटकापर्यंत जाऊन पाहूनही आली. तुकडे पोत्यांत भरून गोरेगावच्या तबेल्यांत म्हशींना जात होते. त्यानंतर पुष्कळ दिवस आपल्या चहाच्या दुधाला व्हॅनिलाचा वास येतो, असं ती शपथेवर सांगत असे. पुढे मुलुंड पूर्वेला अरुणोदय सोसायटीत राहायला आल्यावर एकदा ती कचऱ्याच्या गाडीमागे रिक्षा घेऊन थेट डम्पिंगपर्यंत गेली. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, कुछ गिर गया क्या उसमें?"

"नाही रे. बघायचं होतं."

दुसरा प्रश्न त्याहून जुना. मालवण तालुक्यातल्या तिच्या माहेरी काही वर्षांनी एकदा गावपळण होते. ग्रामदेवाचा कौल मिळाला की अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, तान्ही मुलं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. माळावर माडाच्या झापांच्या खोपट्या बांधायच्या, तिथेच रांधायचं, गाणी म्हणायची, आणि तीन दिवस गावात पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा कौल लावायचा. त्याने हो म्हटलं की परत. कुणी सांगत, त्या दिवसांत गावात भुतांची जत्रा भरते. कुणी म्हणत, पटकी-देवीच्या साथींच्या काळात शहाण्या माणसांनी घालून दिलेली ही रीत आहे. मालन सहा-सात वर्षांची असताना तिची तांबडी कोंबडी नेमकी निघायच्या वेळी पाटीतून उडाली आणि मागे राहिली. पोरीने तीन दिवस रडून माळ डोक्यावर घेतला. चौथ्या दिवशी परत येऊन बघते तर तांबडी थंड चुलीच्या राखेत बसलेली, आणि तिच्याखाली अंडं.

"हिने काय बघितलं असेल?" मालनने वडिलांना विचारलं. वडील घाडी होते, म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. ते म्हणाले, "तां तिकाच इचार." मालनने खरोखरच विचारलं. कोंबडी काही बोलली नाही.

तर अशी ही मालन, आता सासष्ट वर्षांची, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. अरुणोदयमध्ये सगळे तिला परबकाकू म्हणतात. गेल्या वर्षी मार्च महिन्यात सोसायटीच्या फळ्यावर एक नोटीस लागली, ती सगळ्यांत आधी तिनेच वाचली.

गल्लीच्या टोकाला एक धर्मादाय हॉस्पिटल आहे. तिथल्या कॅन्सर विभागातलं कोबाल्टचं जुनं मशीन काढून त्याच खोलीत नवं बसवायचं होतं. मशीनमधला किरणोत्सारी स्रोत एका रविवारी सकाळी ट्रेलरवर चढवून सरकारी केंद्राकडे पाठवायचा होता. त्या सकाळी गल्लीत गाड्या उभ्या करू नयेत, एवढीच विनंती होती. खाली पिवळ्या चौकोनात ती तीन पात्यांची काळी खूण छापलेली. ती नसती तर नोटीस कुणी दोनदा वाचली नसती.

दिवेलागणीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तिची चाळीस रूपं झाली. अणुबॉम्बचा कचरा आपल्या दारातून जाणार. बंद झालेल्या डम्पिंगवर खड्डा खणून पुरणार. एक थेंब सांडला तरी मुलुंडची वाट लागणार. कुणीतरी पांढरे अंगरखे आणि तोंडाला नळ्या लावलेल्या परदेशी माणसांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "विचार करा."

गच्चीवर सभा भरली. सेक्रेटरी मार्तंड चौबळ विमा कंपनीतून निवृत्त झालेले, धिम्या स्वभावाचे गृहस्थ. कुणी कितीही फाटे फोडले तरी त्याला मध्येच न तोडणारे. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज चढला होता.

"हॉस्पिटलच्या कामाला आपला विरोध नाही," ते म्हणाले. "पण आमच्या जान्हवीला सातवा महिना आहे. ट्रेलर कलंडला तर काय? कुणाला विचारून आमच्या गल्लीतून नेताहेत? आणि नेऊन पुरणार कुठे? नोटिशीत त्याबद्दल अवाक्षर नाही."

जान्हवी, त्यांची सून, बाजूला खुर्चीवर बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ठराव तिथेच झाला. त्या रविवारी गल्लीत गाड्या आडव्या लावायच्या आणि गाड्यांच्या पुढे खुर्च्या टाकून बायकांनी बसायचं.

मालनने हात वर केला. "साहेब, पण गेलं नाही तर ते राहील कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आत्ता कुठे आहे ते? इथेच ना, गल्लीच्या टोकाला? आपण राहायला आलो त्याच्या आधीपासून?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, अजून घाबरवू नका ना यार!" आणि तेवढ्यावर लोक हसले.

शेवटच्या रांगेत डोक्याला सुती स्कार्फ बांधून बसलेली शुभा कारखानीस हसली नाही.

शुभा मालनच्या समोरच्या दारात राहते. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली बाई. सभा संपल्यावर ती मालनच्या स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली आणि तिने स्कार्फ सोडला. केस मूठभरसुद्धा उरले नव्हते. तिला स्तनाचा कॅन्सर निघाल्याचं, ऑपरेशन झाल्याचं आणि केमो सुरू असल्याचं सोसायटीत फक्त मालनला ठाऊक होतं. बाकीच्यांना तिने पित्ताचा त्रास सांगितला होता.

"ऐकलंस?" शुभा म्हणाली. "गणपतीपर्यंत माझा केमो संपेल. त्यानंतर लगेच किरणं घ्यायची. डॉक्टर म्हणतात, उशीर करून चालणार नाही. तोवर नवं मशीन बसलं तर चालत जाऊन येईन. नाही बसलं तर रोज परळ. पाच आठवडे. लिफ्टपर्यंत जाताना मला दोनदा थांबावं लागतंय, मालन."

"आणि जुनं हललं नाही तर नवं बसत नाही."

"एकच खोली आहे ना ती. भिंती केवढ्या जाड लागतात त्याला."

"मग सांग ना गं सगळ्यांना. माणसं वाईट नाहीत."

"खबरदार! मला दया नकोय. लिफ्टमध्ये लोक आवाज बारीक करून बोलायला लागतात. आणि चौबळांचं काय चुकलं? सातवा महिना हा सातवा महिना. त्यांच्या सुनेने माझ्यासाठी धोका पत्करायचा, असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

उत्तर नसलं की मालन विचारायला निघते. दुसऱ्या दिवशी बाटलीत कोकम सरबत घेऊन ती हॉस्पिटलच्या तळघरात गेली.

तिथे रुचिरा नावाची तिशीतली मुलगी भेटली. किरणांचा हिशेब आणि सुरक्षा दोन्ही तिच्याकडे होतं. चौकशीला येणारी माणसं भांडायला येतात असा तिला आठवड्याभरात अनुभव आला असावा, कारण सरबत पाहून ती जरा बावरली.

"केवढं असतं ते?" मालनने विचारलं.

"कोबाल्ट? एवढंसं. अंगठ्याच्या पेराएवढं."

"मग ट्रेलर कशाला?"

"त्याच्याभोवती शिशाचं भांडं असतं. काही टन वजनाचं."

"दाणा एवढासा आणि कणगी एवढी?"

"अगदी तसंच, काकू." रुचिराने सरबताचा घोट घेतला. "दर पाचेक वर्षांनी त्याची ताकद निम्मी होते. पूर्वी पेशंटला दोन मिनिटं पुरायची, आता कितीतरी जास्त लागतात. बरं करायला कमी पडतंय, आणि टाकून द्यायचं म्हटलं तर अजून फार जोरात आहे. म्हणून सांभाळायला पाठवायचं. जाड काँक्रीटच्या आत, पहाऱ्यात. डम्पिंगवर कोण पुरेल हो! ते कुणी उठवलं कुणास ठाऊक."

"किती वर्षं सांभाळणार?"

"हे शंभरेक वर्षांत निवून जाईल. अणुभट्टीतल्या कचऱ्याची गोष्ट वेगळी. त्यातला काही हजारो वर्षं टिकतो. तो काचेत गोठवून तूर्त जपून ठेवतात. पुढे कधीतरी खोल खडकात पुरायचा म्हणतात. कुठे, ते आपल्याकडे अजून ठरलेलं नाही."

मालनचे डोळे चमकले. हा तिचा प्रांत होता. "आणि हजारो वर्षांनी तिथे कुणी विहीर खणायला आला तर? त्याला आपली भाषा येणार का? आणि ही तीन पात्यांची खूण त्याला पंख्याची वाटली म्हणजे?"

रुचिरा हसली, मग थांबली. "ते मलाही माहीत नाही. जगभर माणसं त्यावर डोकं खाजवताहेत."

"आमच्या गावात राखणदाराचा धोंडा आहे. तिथे कुणी कुदळ लावत नाही. का लावायची नाही ते सगळे विसरले. लावायची नाही, एवढं मात्र कुणी विसरलं नाही."

"हे कुणाला तरी कळवायला हवं," रुचिरा म्हणाली, आणि ते थट्टेने म्हटल्यासारखं वाटलं नाही.

"बरं, मला आता खरं सांग. कलंडला ट्रेलर तर?"

"ते भांडं उंचावरून पाडून, आगीत घालून तपासलेलं असतं. काही होणार नाही, असं मला वाटतं. पण काकू, भीतीला आकडे सांगून भागत नाही. माझी आई अजून रोज विचारते, आज त्या खोलीत गेली होतीस का म्हणून."

"आमची माणसं तेवढा वेळ लांब गेली तर?"

"गरज नाही. पण गेली तर बरंच की. आम्हाला गल्ली मोकळी मिळेल."

मालन तळघराचा जिना चढून वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर झापांच्या खोपट्या उभ्या होत्या. घरी पोचायच्या आधीच, रस्त्यातच उभं राहून तिने गावी भावाला, धोंडिरामला, फोन लावला. वडिलांच्या मागे गाऱ्हाण्याचा मान आता त्याच्याकडे आहे.

"गे बाय, मुलुंडात गावपळण?" धोंडिराम ओरडला. "कौल कोणी दिल्यान?"

"कौल अजून मागूक नाय."

"कौल नाय तर ती पळण न्हय. ती सहल."

"सहल तर सहल. गाऱ्हाणा कसा सुरू करतत ता सांग. बाबांचा अर्धा अर्धा आठवता."

"गाऱ्हाणा कोण घालतलो?"

"मी."

"बायलमाणसान गाऱ्हाणा घातलेला मी काय आयकाक नाय."

"मुलुंडात कोण बघूक येता, धोंड्या? सांग."

त्याने सांगितलं. वर बजावलं की एकही माणूस मागे राहता कामा नये, चूल पेटती ठेवायची नाही, आणि कौल मिळाल्याशिवाय परत यायचं नाही.

पुढच्या सभेत मालन उभी राहिली आणि तिने गावपळण सगळ्यांना समजावून सांगितली. कोंबडीसकट सांगितली. लोक ऐकत राहिले. चौबळ म्हणाले, "परबकाकू, म्हणजे आपण घाबरून पळायचं? रस्ता आपला, आणि आपणच जायचं?"

"गाव घाबरून जात नाही, साहेब. वेळ आली म्हणून जातं. जातं आणि परत येतं. तुम्ही गाडी अडवणार म्हणजे कुठे बसणार? तिच्या पुढ्यात. तिला तास-दोन तास तिथेच उभी करणार. मग तिच्या सगळ्यांत जवळ कोण? जान्हवी."

चौबळांनी सुनेकडे वळून पाहिलं.

"बाबा," जान्हवी म्हणाली, "मला बागेत जायला आवडेल. आणि काकू, गावपळणीत जेवायला काय असतं?"

"वडे-सागोती. वडे आणि कोंबडीचा रस्सा."

"मग झालं तर! मला तेच डोहाळे लागलेत."

त्या हशात आडव्या गाड्यांचा ठराव बुडाला. पूर्ण बुडाला असंही नाही. दोघा-तिघांनी कुरकुर केली, की हे म्हणजे शेपूट घालणं झालं. पण वड्यांच्या पिठाची वाटणी सुरू झाल्यावर तेही "आमच्याकडे मोठी कढई आहे" म्हणून मोकळे झाले. दोन रस्ते सोडून नव्वद फुटी रस्त्यावर पालिकेची बाग आहे. तिथे जायचं ठरलं. खुर्च्या आणि पातेल्यांसाठी टेम्पो सांगितला.

रविवारी सकाळी शुभाने आपलं दार अर्धवटच उघडलं. "मी येत नाहीये."

"अगं, नियम आहे! एकही माणूस मागे राहता कामा नये."

"त्या मशीनने किती बायकांना बरं केलं असेल? त्याला जाताना कुणी बघणार नाही का? मी गॅलरीत बसते." मग मालनचा चेहरा पाहून म्हणाली, "एक कोंबडी मागे राहिलेली चालते ना तुमच्यात?"

खरं तर तिलाच मागे राहायचं होतं. लहानपणापासून राहायचं होतं. पण जिने गाव उठवलं तिला कसं राहता येणार? "नीट बघून ठेव सगळं," एवढंच ती म्हणाली. "मी आल्यावर विचारणार आहे."

फाटकाशी सगळे जमले. गॅस बंद केल्याची प्रत्येक घराची हाळी झाली. पहिल्या मजल्यावरच्या इनामदारांनी पोपट आणला होता, आणि कुणाच्या तरी बादलीत कासव. मालनने पदर खोचला, नारळ हातात घेतला आणि वडिलांच्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

कुणाला काही कळेना. "व्हय म्हाराजा म्हणायचं," तिने दटावलं.

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां घरदार सोडून वेशीभायर चललीत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गल्लीत जी काय इडा-पिडा असात, ती त्या गाडीत बसान जावंदे, आणि परत येवची वाट इसरांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज चौबळांचा होता. ते जन्मात कोकणात गेले नव्हते. नारळ फाटकातच ठेवून सगळे निघाले.

बागेत तासाभरात जत्रा झाली. वड्यांचे घाणे उतरू लागले, सागोतीच्या वासाने फिरायला आलेली परकी माणसंही रेंगाळू लागली. टेम्पो फाटकाला लागून उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने "सेठ, जरा नाश्ता करून येतो" म्हणत किल्ली चौबळांच्या हातात दिली आणि तो गेला. सगळं कसं बेतल्यासारखं चाललं होतं.

एक गोष्ट मात्र अरुणोदयमधल्या कुणालाच माहीत नव्हती. हॉस्पिटलपासून हायवेकडे जाणारा सरळ रस्ता आदल्या दिवशी पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवला होता.

आधी जीपचा भोंगा ऐकू आला. मग नव्वद फुटी रस्त्याच्या वळणावरून, अगदी सावकाश, पिवळ्या खुणांचा ट्रेलर बागेकडे वळला. ज्याच्यापासून लांब म्हणून सोसायटी उठून आली होती, तो थेट तिच्या पंगतीला आला. रस्त्याचा एक पट्टा त्याच खोदकामाच्या, तिथे आणून टाकलेल्या मातीने भरलेला, दुसऱ्या पट्ट्यात टेम्पो. ट्रेलर बागेच्या फाटकासमोर थांबला.

क्षणभर कढईतलं तेल तेवढं बोलत होतं.

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं. बायकांनी जान्हवीला उठवून बागेच्या पार मागच्या कुंपणाशी नेलं. पोपट ओरडू लागला. आणि ज्यांच्या पोटात आडव्या गाड्यांचा ठराव अजून जिवंत होता त्यांच्यातला एक पुढे झाला. "चौबळसाहेब, आयतीच आलीय समोर! आता हलायचंच नाही. बसू या पुढे. पेपरवाल्यांना बोलावू. टेम्पो राहू दे तिथेच!"

"बरोबर! परत न्यायला लावू!"

किल्ली चौबळांच्या मुठीत होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते मात्र मालनकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कारखानीसबाई का नाही आल्या?"

मालनने झारा पातेल्यात ठेवला. "बरं नाहीये तिला," ती म्हणाली.

"पित्त?"

मालन पदराने हात पुसू लागली.

"तो स्कार्फ..." चौबळ म्हणाले. "आमची हीसुद्धा तसाच बांधायची. मागे गाठ मारून." त्यांनी ट्रेलरकडे बोट केलं. "तेव्हा हे इथलं मशीन चांगलं चालायचं. पायी जायचो आम्ही."

मग ते वळले आणि टेम्पोत चढून बसले. गाडी चालवून त्यांना कित्येक वर्षं झाली असावीत. टेम्पोने आधी पुढे उडी मारली, मग मागे. मागच्या पातेल्यातली उरलेली सागोती फुटपाथवर सांडली, फाटकाशेजारची एक कुंडी गेली. "साहेब, ब्रेक! ब्रेक!" म्हणत दोघं धावले, आणि त्यांतला एक तोच होता, ज्याला पेपरवाल्यांना बोलवायचं होतं. सगळ्यांनी मिळून ढकलत टेम्पो बागेच्या आत घेतला. रस्ता मोकळा झाला.

जीपमधून रुचिरा उतरली. "काकू! गावपळण इथे ठेवलीत होय?" तिला हसू आवरत नव्हतं.

"कुणाला ठाऊक तू इकडून येशील! सांगायचंस ना."

"मलाच सकाळी कळलं."

चौबळ घाम पुसत आले. "बाई, तुमच्या हातात ते मोजायचं यंत्र आहे ना? आमच्या सुनेजवळ जरा धरता का?"

रुचिरा त्यांच्याबरोबर मागच्या कुंपणापर्यंत गेली. जान्हवीच्या शेजारी तिने यंत्र धरलं आणि आकडा चौबळांनाच वाचायला दिला. "रोज तुमच्या घरात असतं तेवढंच," ती म्हणाली. चौबळांनी चष्मा काढून पुन्हा वाचला. "तिथे, गाडीपाशी?" "तिथे थोडं जास्त. म्हणून आम्ही तिथे रेंगाळत नाही. आता निघू दे मला."

मालन एवढ्यात फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. साखळदंडांनी आवळलेलं एक करडं, बुटकं पिंप. धूळ बसलेलं. ट्रेलरच्या पुढच्या बंपरला लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या. एवढ्या शिशाच्या भांड्यावर त्या ड्रायव्हरचा किंवा त्याच्या बायकोचा पूर्ण विश्वास बसला नव्हता, हे पाहून मालनला बरं वाटलं.

"एवढंच?" कुंपणापासून जान्हवीचा आवाज आला.

"एवढंच," मालन म्हणाली. ट्रेलर हायवेकडे वळेपर्यंत ती बघत राहिली. पुढे कुठल्या फाटकातून आत जाईल, कोण दार उघडेल, आधी आलेली तिथे किती असतील, हे सगळं तिला रिक्षा करून बघून यावंसं वाटत होतं.

कौलाचं काय करायचं, ते कुणी ठरवलं नव्हतं. दुपारी हॉस्पिटलमध्ये परतलेल्या रुचिराचा फोन आला, की मशीनची खोली तपासून झाली आणि स्वच्छ आहे. मालनने फोन ठेवला आणि जाहीर केलं, "कौल झाला. चला घरी."

शुभा गॅलरीतच होती. मालनने चपला काढायच्या आधी विचारलं, "सांग. मागे काय झालं?"

"काही नाही गं. गल्ली रिकामी. आपल्या गल्लीत एवढे पक्षी आहेत हे मला माहीत नव्हतं. क्रेनवाल्या पोराने तुमचा फाटकातला नारळ उचलून बघितला आणि परत ठेवला. गाडी खालून गेली तेव्हा..." ती जरा लाजली. "मी हात केला. टाटा करतात तसा."

"आणि?"

"ड्रायव्हरनेही केला."

गणपती झाले आणि नवं मशीन सुरू झालं. शुभा रोज चालत जाऊ लागली. सोबत मालन, आणि कधी मालनला जमलं नाही तर चौबळ, नातीची दुपटी धुवायला टाकून. लिफ्टमध्ये त्यांनी कधीच आवाज बारीक केला नाही. उलट शुभाने उशीर केला की "चला हो, मशीन थांबणार नाही तुमच्यासाठी" असा खाली उभं राहून पुकारा करीत.

पहिल्या दिवशी शुभा त्या जाड दाराआडून बाहेर आली तेव्हा मालन बाकावरून उठलीच. "आत काय होतं गं?"

"गंमत सांगू? मला टेबलावर झोपवतात, रेषा जुळवतात, आणि मग सगळे पळतात. रुचिरा, ती दुसरी मुलगी, सगळ्या. दार लागतं. आत मी एकटी. तुमची गावपळणच."

"आणि मागे राहिलेली कोंबडी काय करते?"

"पडून असते. वर बघते. छताला कुणीतरी निळ्या आभाळाचं चित्र चिकटवलंय. त्यातल्या एका ढगाचा कोपरा सुटलाय."

मालनने तिचा हात धरला आणि दोघी जिन्याकडे निघाल्या.

"कुठला कोपरा?" मालनने विचारलं. "उजवा की डावा?"